गोलकीपर पास झाला ते वर्ष

फुकटचं दूध घरी यायला लागलं, तेव्हाच मला वास आला होता. दुधाचा नव्हे, धाडणाऱ्याचा. रोज सकाळी राइस मिलवाल्या सेठच्या गोठ्यातला गडी पितळी लोटा घेऊन दारात उभा राही आणि म्हणे, "हेडमास्तर साब ने भिजवाया है, प्लेयर के लिए." हा प्लेयर म्हणजे माझा धाकटा दीर. आमच्या यजमानांना त्या लोट्याचा केवढा अभिमान. आळीत कोणी दिसलं नाही तर ते गड्याला बोलण्यात गुंतवून ठेवीत, म्हणजे कोणीतरी येईल आणि पाहील. मी दूध तापवता तापवता विचारी, "सेठ चहालेसुद्धा मोजून दूध देते म्हणतात. आपल्या पोराले लोटाभर काऊन देऊन राहिला?"

"तुले तं देवानं प्रसाद देला तरी तू पहिले हुंगून पायशील," यजमान म्हणत.

खरंच होतं ते. मी हुंगून पाहणारी बाई आहे. माझ्या माहेरी सगळेच तसे. वाण्यानं हसून नमस्कार केला की माझी आई तराजूकडे बघायची. त्या स्वभावानं मी पुष्कळ माणसं दुखावली, पण ठकले फार कमी वेळा.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची. आम्ही गोंदियात, रेल्वे लाइनीच्या पलीकडे दोन खोल्यांत राहत होतो. यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. सासर सालेकशाच्या बाजूला, जंगलाला लागून. धानाची शेती, म्हणजे खाचरं, त्यांना तिकडे बांधी म्हणतात; उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. दीर गावची शाळा संपवून पुढं शिकायला आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या अंगात सदरा होता आणि पायांत काही नव्हतं. माझ्याहून पुष्कळ लहान, पण नात्यानं दीर, म्हणून मी त्याला भाऊजी म्हणे आणि तुम्ही म्हणे. रागावले म्हणजे मात्र तोंडात 'तू' येई, आणि मग तो मुकाट्यानं पाटावर येऊन बसे.

तो फुटबॉल खेळायला लागला आणि गावाचाच झाला. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. लोक सांगत ते मी ऐके. पोरं अनवाणी खेळत. आमचे भाऊजी चेंडू घेऊन निघाले की समोरची पोरं नुसती बघत राहतात, असं मालधक्क्यावरचे हमाल यजमानांना सांगत. स्टेशनावरचा तिकीट बाबू त्याला हाक मारून चहा पाजी. शाळेनं दोन वर्षं ओळीनं ढाल जिंकली, ती त्याच्या पायांच्या जोरावर, असं सगळेच म्हणत. ती ढाल शाळेत नव्हती. ती सेठच्या मिलच्या ऑफिसात, गादीच्या वर भिंतीला टांगलेली होती. शाळेनं जिंकलेली वस्तू सेठच्या भिंतीवर कशाला, हे मी विचारलं, तर यजमान म्हणाले, तिथं जास्त लोक पाहतात.

शाळेचं नाव मी सांगत नाही. आता तिथं सगळी माणसं नवी आहेत, त्यांचा काय दोष?

त्या काळी मॅट्रिकची परीक्षा बाहेरची असे, पण तिला कोणालाही बसता येत नसे. आधी शाळा स्वतःची चाचणी घेई. त्यात पास झाला त्यालाच शाळा मॅट्रिकला बसवी, बाकीचे त्याच वर्गात राहत. भाऊजी पहिल्या वर्षी चाचणीत नापास झाले. इंग्रजीत. खेळाचं वर्ष होतं, होतं असं, म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी मी त्याला पहाटे उठवायची, भाजी चिरताना समोर बसवून पाठ म्हणून घ्यायची. मी स्वतः मराठी चौथी शिकलेली, मला इंग्रजीतलं काय समजणार? पण अडखळतोय का सरळ म्हणतोय एवढं तर कानाला कळतं. तो सरळ म्हणायचा. आणि त्याही वर्षी इंग्रजीतच नापास झाला.

मग सासरे आले. धोतराला तांबडी माती, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी चारोळ्या. पोटभर जेवले. हात धुतल्यावर म्हणाले, "अजून एक साल पायतो. यंदा मॅट्रिकले नाई बसला, तं गावाले घेऊन जातो. बांधीत माणूस पाहिजे मले. लगन बी करून टाकू. पोट्ट्याच्या डोक्यात नाई, तं नाई. त्यात लाजाचं काय हाय?"

भाऊजी दाराशी उभे होते. मला वाटलं ते काही बोलतील. ते फक्त म्हणाले, "बा, खरं हाय."

त्या दिवसापासून तो मोठ्यानं वाचेनासा झाला. आधी धडे असे म्हणायचा की शेजारच्या बाया हसायच्या. आता ओठ हलायचे, आवाज नाही. पाटीवर एखादं गणित आलं तरी पुसून टाकायचा आणि पुन्हा करायचा. मी विचारलं तर म्हणे, "वहिनी, मी ढ हाव. ढ माणसाले दोनदा करा लागते." हसून म्हणे, पण मला ते हसू आवडलं नाही.

आणि याच ढ माणसाकडे समोरच्या घरचा मुलगा इंग्रजी शिकायला येत होता. आमच्याच ओट्यावर बसून भाऊजी त्याला समजावत, मी आतून ऐके. तो मुलगा फुटबॉलला लाथ मारायचं म्हटलं तरी पडायचा. तो चाचणीत पास झाला. शिकवणारा नापास, शिकणारा पास. मी यजमानांना म्हटलं, हे कसं? ते म्हणाले, नशीब. नशीब या शब्दावर माझा कधीच विश्वास नव्हता.

पण खरा संशय मला बत्ताशांनी आणला.

आमच्या मागच्या बाजूला शाळेच्या संघाचा गोलकीपर राहत होता. त्याची आई बिड्या वळायची, माझी चांगली मैत्रीण. तोही दोन वर्षं त्याच वर्गात, तोही इंग्रजीत नापास. त्याच दुसऱ्या वर्षी, खेळ सुरू होण्याआधी सरावात त्याचा पाय मोडला. रेल्वेच्या दवाखान्यात पडून होता, मग घरी खाटेवर. पुस्तक उशाला ठेवायचा ते डोक्याखाली उंच व्हावं म्हणून, हे त्याची आईच मला सांगायची. इंग्रजी तर अशी की भाऊजी त्याच्या वाक्यांवर पोट धरून हसत. आणि चाचणीचा निकाल लागला तेव्हा त्याची आई माझ्या दारात बत्तासे घेऊन उभी. "पोट्टा पास झाला ना वं. इंग्रजीत बी."

मी बत्तासा तोंडात टाकला आणि तो विरघळेपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळून आलं होतं. संघातले सगळे चांगले खेळाडू त्या वर्गात अडकलेले. सगळे इंग्रजीत. इंग्रजी शिकवायचे हेडमास्तर, पेपर तपासायचे हेडमास्तर, दूध धाडायचे हेडमास्तर. पोरगा मॅट्रिक झाला की शाळा सोडणार. शाळा सोडली की ढाल गेली. म्हणून पाय चालतो तोवर पोरगा नापास, आणि पाय मोडला की पास.

यजमानांना सांगितलं तर ते ताटावरून उठले. "हेडमास्तरांवर आळ घेतेस? त्यांनी स्वतःचं पोट्टं असल्यासारखं जपलं त्याले. जीभ सांभाळ." भाऊजींना सांगितलं तर ते त्याहून चिडले. मी त्यांना तेवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"सर माह्यासाठी काय काय करतात तुमाले मालूम हाय? थंडीत माह्या पायाले तेल लावून देलं त्यांनी, आपल्या हातानं. मीच नाई शिकत बराबर. मीच ढ हाव, तं दुसऱ्याले कायले बोल लावता?"

मला त्या हेडमास्तरांचा असा राग आला की हातातली परात आपटली. वर्ष खाल्लं तर खाल्लं, पण पोराकडून वर आभार मानून घेत होते. पुरावा माझ्याकडे काही नव्हता. पेपर कोणी दाखवत नसत, मागायची सोय नव्हती, आणि मागितले असते तरी मला काय वाचता येणार होतं? माझ्याजवळ होता तो एक मोडका पाय, तोही दुसऱ्याच्या घरचा.

शेवटचं वर्ष सुरू झालं. दिवाळीला आम्ही सगळे गावी गेलो. सालेकशाला उतरून पुढं बैलगाडी. घरी पोचलो तर कळलं की सासऱ्यांनी मुलगी बघून ठेवली आहे. घाई नव्हती, पण बोलणं झालं होतं. त्या संध्याकाळी भाऊजी विहिरीवर माझ्यासाठी पाणी शेंदायला आले. बादली वर आली तरी दोर सोडेनात.

"वहिनी," ते म्हणाले, "मी खेळलो नाई, तं सर मले पास करतील असं तुमी म्हणता ना?"

"म्हणते."

"पण धडधाकट राहून मी नाई खेळत म्हटलं, तं सर मले बोलणार नाईत. अना पास बी करणार नाईत."

"म्हणूनच म्हणते, पाय मोडला पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच म्हटलं, "खरा नाही हो भाऊजी."

गावाच्या टोकाला, जंगलाच्या बाजूला, हाड बसवणारी एक म्हातारी राहत होती. गोंड. दूरदूरची माणसं तिच्याकडे येत. मी भाऊजींना घेऊन गेले आणि सगळं खरं सांगितलं, कारण तिच्याशी खोटं बोलून उपयोग नव्हता, तिची बोटंच सांगतात. तिनं भाऊजींचा डावा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चाचपला आणि म्हणाली, "चांगल्या हाडाले बांधत नाई मी. चांगल्या हाडाले बांबू लावला तं हाड रुसते."

मी खूप विनवलं. शेवटी ती भाऊजींकडे वळली. "तुले पाहिजे का हे? का ही बाई सांगून राहिली म्हणून?"

"मले पाहिजे," भाऊजी म्हणाले.

मग तिनं अट घातली. ती खोटं बोलणार नाही. कोणी विचारलंच तर ती एवढंच सांगेल की हाड जागेवर आहे. आणि दुसरी अट, जी तिची नव्हती, आमच्याकडचा रिवाजच आहे. हाडाची गाठ जिनं बांधली तिनंच सोडायची. दुसऱ्याचा हात लागला तर हाड वाकडं बसतं. तिनं बांबूच्या कामट्या लावल्या, वर हाडजोडीच्या वेलाचा लेप, वर चिंध्या, आणि अशी गाठ मारली की मला तिचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं कळेना. घरी सांगितलं की बांधीच्या धुऱ्यावरून घसरले. सासूबाई रडल्या, सासरे बराच वेळ पायाकडे पाहत बसले. लग्नाचं बोलणं आपोआप पुढं ढकललं गेलं. लंगड्या जावयाची घाई कोणाला असते?

गोंदियाला आल्याच्या दुसऱ्या दिवशी हेडमास्तर घरी आले. उंच माणूस, काळी टोपी, हातात छत्री, थंडीच्या दिवसांतसुद्धा. मूळचे इकडचेच, पण शाळेत आणि बाजारात हिंदी बोलून बोलून तीच तोंडात बसलेली. खाटेजवळ बसले आणि पट्टीकडे बघतच राहिले. मी दाराच्या आडून त्यांच्याकडे बघत होते. कोण कोणावर जास्त संशय घेतंय हे सांगणं कठीण होतं.

"कैसे गिरा?"

"धुऱ्यावरून, सर."

"धान की मेड़ से? तू?" ते म्हणाले. "तू तो पतली रस्सी पर दौड़े इतना हलका है." मग त्यांनी हात पुढं करून पट्टीच्या वर, गुडघ्याजवळ दाबलं. मी आतून बांगड्या वाजवल्या, ठरल्याप्रमाणे. भाऊजी ओरडले. जरा जास्तच ओरडले, असं मला वाटलं.

"रेलवे के डॉक्टर को दिखाते हैं. अभी. टांगा बुलाता हूँ."

यजमानांना यातलं काहीच माहीत नव्हतं, ते तर चप्पल शोधायला लागले. मी पदर सावरून पुढं आले. "गाठ सालेकशाकडच्या म्हातारीची हाय, मास्तरसाहेब. तिनंच सोडा लागते. डॉक्टरनं पट्टी कापली अना हाड वाकडं बसलं, तं पोट्ट्याले जनमभर कोण पोसन?"

बी.ए. झालेला माणूस, मला वाटलं आता हसेल. पण ते हसले नाहीत. त्यांनी हात मागे घेतला. "हमारी माँ का हाथ भी ऐसे ही बंधा था," ते म्हणाले. "छह हफ्ते किसी ने छुआ नहीं." आणि उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून दूध बंद झालं.

ते बंद झाल्यावर यजमान दोन दिवस दाराकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "गडी बिमार पडला असन." कधी कधी माणसाला आपलं आपण समजू द्यावं लागतं.

त्यानंतरचे दिवस भाऊजींना फार जड गेले. संध्याकाळ झाली की मैदानावरून पोरांचा ओरडा ऐकू येई आणि ते पुस्तकातून डोकं वर काढत नसत, पान मात्र उलटत नसे. गोलकीपर मॅट्रिकला नापास होऊन पुन्हा तयारी करत होता, तो येऊन बसे आणि भाऊजींना खेळाच्या बातम्या सांगे. मी त्याला हाकलून देई. आळीतल्या बाया औषधं आणत, कोणी लेप, कोणी अंगारा, कोणी कोंबडीचं सूप. सूप यजमानच पीत. खरं सांगायचं तर त्या दिवसांत भाऊजींनी जेवढा अभ्यास केला तेवढा आयुष्यात केला नव्हता, दुसरं करायलाच काही नव्हतं. त्यामुळे माझाही घोळ झाला. उद्या पास झालाच, तर तो अभ्यासानं का पायानं, हे मला तरी कसं कळणार होतं?

चाचणीचे पेपर झाले. भाऊजी काठी टेकत गेले, काठी टेकत आले; सहा आठवडे केव्हाच उलटले होते, पण म्हातारीकडे जायला परीक्षेनंतरच सवड होईल असं मी सगळ्यांना सांगत होते. निकाल ढालीच्या सामन्यानंतर लागणार होता. दर वर्षी तसाच लागे, आणि ते का, हे मी कधी विचारलं नव्हतं. यंदा मी स्वतःलाच विचारलं आणि उत्तर स्वतःलाच दिलं: ढाल हातात येईपर्यंत पोरांनी खेळत राहावं म्हणून.

ढालीचा शेवटचा सामना नागपूरहून आलेल्या संघाशी होता. बाया मैदानावर जात नसत. पण रेल्वेच्या पादचारी पुलावरून मैदानाचा अर्धा भाग दिसे, म्हणून मी आणि गोलकीपरची आई भाजीला म्हणून निघालो आणि पुलावर उभ्या राहिलो. भाऊजींना हेडमास्तरांनी मुद्दाम आणवून रेषेजवळ बाकावर बसवलं होतं, पाय समोर पसरलेला, काठी मांडीवर. पोरांना हुरूप यावा म्हणून, असं म्हणत होते. मला वाटलं, नाही, त्याला आतून कुरतडावं म्हणून. स्वतः हेडमास्तर बाकाच्या मागे छत्री टेकून उभे.

आमची शाळा हरत होती. मला खेळ कळत नसला तरी गर्दीचा आवाज कळतो. नागपूरवाल्यांनी गोल केला आणि सगळं मैदान असं शांत झालं की खालून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजता आले असते. मी भाऊजींकडे बघत होते. ते पुढं वाकले होते. दोन्ही हात काठीवर. मी मनात म्हणत होते, बसा, भाऊजी, बसा. उठलात तर गावाला जाल, बांधीत जाल, सगळं गेलं.

तेवढ्यात चेंडू रेषेबाहेर आला, थेट बाकाच्या दिशेनं. आणि भाऊजी उठले. काठी पडली. त्यांनी बांबूच्या कामट्या बांधलेल्या त्याच पायानं चेंडूला अशी लाथ मारली की तो मैदानाच्या मध्यावर जाऊन पडला. मग भानावर येऊन झटकन खाली बसले. लोकांच्या नजरा चेंडूमागे गेल्या होत्या, तो मारला कोणी हे फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही. पण हेडमास्तर मागे उभे होते. त्यांनी वाकून काठी उचलली, भाऊजींच्या मांडीवर ठेवली, आणि समोर बघायला लागले.

"माय," गोलकीपरची आई म्हणाली, "तुया दिराचा पाय तं बरा झाला ना वं."

घरी येईपर्यंत मागून बातमी आली. शाळा सामना हरली होती. ढाल नागपूरला जाणार होती. आणि जिच्यासाठी दोन वर्षं पोरं अडकवली ती ढाल आपल्या बाकावर बसलेल्या धडधाकट पोरामुळे गेली, हे हेडमास्तरांना कळलं होतं. आता तर ते त्याला नक्कीच पाडणार. मी यजमानांना त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "म्हणजे गडी बिमार नव्हता."

निकाल शाळेच्या पायऱ्यांवर वाचून दाखवत. भाऊजी गेले ते काठी टेकत गेले, आता कशाला टेकायची ते त्यांचं त्यांना माहीत. मी चुलीवर भात चढवला आणि तो करपला तरी मला वास आला नाही. ते परत आले, दारात उभे राहिले. "वहिनी, नाव वाचलं."

यजमानांनी त्याला मिठी मारली. मला रडू आलं, मी लपवलं नाही. आणि त्याच वेळी मला वाटलं, काऊन वाचलं? इतकं कळल्यावर काऊन वाचलं?

संध्याकाळी हेडमास्तर स्वतःच आले. यजमानांनी बाज झटकून बसायला दिली, मी चहा टाकला. ते पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "अब तो खोल दे."

"म्हातारीशिवाय—" मी सुरुवात केली.

"लात मारते वक्त कौन सी बुढ़िया से पूछा था?" ते म्हणाले. रागानं नाही. भाऊजी खाली बसले आणि ती गाठ सोडायला लागले. सुटता सुटेना. दातांनी ओढली तेव्हा सुटली. कामट्या जमिनीवर पडल्या. आतला पाय वाळून पांढुरका झाला होता, पण सरळ होता.

माझ्याच्यानं राहवेना. "मास्तरसाहेब, यंदा पास झाला. दोन साल काऊन नाई झाला?"

यजमान मला डोळ्यांनी दटावत होते. हेडमास्तरांनी चहाचा घोट घेतला. ते नाकबूल करतील, चिडतील, उठून जातील, सगळं मी धरून चाललं होतं. एवढा एकच जबाब मी धरला नव्हता.

"पास तो ये पहले साल भी था," ते म्हणाले. "अच्छे से पास था."

मग सावकाश, वर्गात सांगावं तसं सांगत राहिले. मॅट्रिक काय, पुढच्या वर्षीही असतं. असे पाय कोणाला पुढच्या वर्षी मिळत नाहीत. मॅट्रिक झाली की पोरं कुठल्यातरी टेबलाशी बसतात आणि संपतात, मी किती पाहिली. दोन वर्षं गेली तर काय बिघडलं, दोन वर्षं सगळं गोंदिया याला ओळखत होतं. सेठ मागे होता हे खरं, पण सेठनं म्हटलं म्हणून नाही केलं, मला स्वतःला त्याला खेळताना बघायचं होतं. त्या दिवशी त्याची लाथ बघितली, आणि माझ्यावर एवढा संशय घेऊन हा पोरगा महिनोन्‌महिने लंगडा झाला हे कळलं, मग मी म्हटलं, जाऊ दे.

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझा संशय खरा आहे असं तोंडावर सांगत होतं, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. मला त्यांच्या अंगावर चहा फेकावासा वाटला. वाईट वाटलं ते याचं की ते खोटं बोलत नव्हते.

भाऊजी जमिनीवरच बसले होते, कामट्या एकावर एक रचत. मान वर न करता ते बोलले.

"सर, तुमी मले इचारलं असतं, तं मी राहिलो असतो. दोन साल काय, तीन साल राहिलो असतो. तुमच्यासाठी राहिलो असतो. पण मी ढ हाव असं मले काऊन वाटू देलं?"

हेडमास्तरांनी कप खाली ठेवला. मग छत्री घेतली, दाराबाहेर गेले, आणि तिथून परत आत येऊन, डोक्यावरची टोपी हातात घेऊन, वर्गात चुकलेला पोरगा उभा राहतो तसे भाऊजींसमोर उभे राहिले.